दशकातला सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण? क्रमवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९२०पासून प्रत्येक दशकातल्या पहिल्या तीन बॉक्सरांची क्रमवारी लावली, आणि तेव्हापासून प्रश्नांचा ओघ थांबलेला नाही. काही कुतूहलाचे, काही रागाचे, टायसनबद्दलचे तर रोजचेच. तेच तेच प्रश्न एकत्र करून ही उत्तरं लिहिली आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, भांडणाचे विषय पुढे येतील.

१. ही क्रमवारी नक्की कशावर लावली आहे? जिंकलेल्या लढतींवर?

नाही. किती जिंकल्या यापेक्षा कोणाला हरवलं आणि तो समोरचा तेव्हा कुठल्या अवस्थेत होता, यावर. ऐन भरातल्या, किताब हातात असलेल्या मोठ्या बॉक्सरला हरवणं ही सगळ्यात वजनदार गोष्ट. उतरणीला लागलेल्या मोठ्या नावाला हरवलं तर निम्मं श्रेय. कोणाच्या गावीही नसलेल्या पंचवीस जणांना लोळवलं तर जवळजवळ काहीच नाही. पराभव मोजतो, पण हलक्या हातानं. जो सतत तगड्या लोकांशी लढतो तो कधीतरी हरणारच. दोघं तुल्यबळ वाटले तरच तिसरा निकष येतो: दशकातली किती वर्षं तो खरोखर रिंगणात होता.

२. एवढं वाचायला वेळ नाही. प्रत्येक दशकात पहिला कोण ते सांगून टाका.

१९२०चं दशक हॅरी ग्रेबचं, १९३०चं हेन्री आर्मस्ट्राँगचं, १९४० आणि १९५० दोन्ही शुगर रे रॉबिन्सनची. १९६०मध्ये एमिल ग्रिफिथ, १९७०मध्ये मुहम्मद अली, १९८०मध्ये शुगर रे लिओनार्ड, १९९०मध्ये रॉय जोन्स ज्युनियर, २०००मध्ये मॅनी पॅकियाओ आणि २०१०मध्ये फ्लॉइड मेवेदर. ग्रिफिथचं नाव वाचून ज्यांच्या भुवया उंचावल्या त्यांनी थेट प्रश्न ११ गाठावा.

३. पन्नास किलोचा माणूस आणि शंभर किलोचा माणूस एकाच यादीत कसे? हेविवेट तर कुणालाही एका ठोशात झोपवेल.

झोपवेलच, म्हणून तर वजनगट असतात. बॉक्सिंगमध्ये अशा तुलनेला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात: सगळे एकाच वजनाचे असते तर कोण सरस ठरला असता, हा कल्पनेतला प्रश्न. आपण मात्र कल्पनेत फार शिरत नाही. फ्लायवेटमधल्या बॉक्सरनं फ्लायवेटमधल्या उत्तमांना कसं हरवलं आणि हेविवेटनं हेविवेटमधल्या उत्तमांना कसं, एवढंच शेजारी शेजारी ठेवून पाहतो. वरच्या गटात जाऊन तिथल्या मोठ्यांना हरवलं तर श्रेय वाढतं, कारण समोरच्याचं हाड जड आणि ठोसाही जड.

हेविवेट या यादीत कमी दिसतात. त्यांच्या लढतींना सगळ्यात जास्त पैसा आणि प्रसिद्धी मिळते, तितकी दर्जेदार माणसं मात्र त्या गटात दर दशकात नव्हती.

४. एकाच वजनगटात चार-चार जगज्जेते कसे काय?

कारण चार संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा पट्टा, म्हणजे किताब, वेगळा, प्रत्येकीची मानांकन यादी वेगळी. त्यात वजनगट पूर्वी ८ होते, आता १७ आहेत. म्हणजे कागदोपत्री एका वेळी ६८ जगज्जेते असू शकतात, आणि हंगामी वगैरे किताब धरले तर त्याहून जास्त. १९३८मध्ये साऱ्या जगात जेमतेम आठ-दहा किताब असायचे. म्हणून ‘पाच गटांत जगज्जेता’ असं वाचलं की मी आधी साल बघतो. चारही पट्टे एकाकडे असतील तर त्याला निर्विवाद जगज्जेता म्हणतात. ते अजूनही कमावावं लागतं.

५. दशक नेमकं कधी सुरू होतं? एखाद्याची कारकीर्द मधोमध कापली गेली तर?

शून्यानं संपणाऱ्या वर्षाच्या १ जानेवारीपासून नऊनं संपणाऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. कारकीर्द कापली जाते, आणि ते क्रूरही वाटतं, पण त्याला इलाज नाही. लिओनार्डनं विल्फ्रेड बेनिटेझला हरवून पहिला किताब घेतला तो ३० नोव्हेंबर १९७९ला, म्हणजे ही जमा ऐंशीच्या दशकाच्या खात्यात येत नाही. आर्मस्ट्राँगनं चौथ्या गटाचा किताब मिळवण्यासाठी सेफेरिनो गार्सियाशी बरोबरी केली ती मार्च १९४०मध्ये. तीही तीसच्या खात्याबाहेर. याचा फायदा मात्र एका माणसाला झकास झाला आहे. तो कोण, ते प्रश्न १४मध्ये.

६. १९२०च्या आधीचे कुठे गेले? जॅक जॉन्सन नाही म्हणजे काय?

जॉन्सनचं मोठेपण नाकारण्याचा प्रश्नच नाही. २६ डिसेंबर १९०८ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेविवेट जगज्जेता झाला आणि ४ जुलै १९१०ला रीनोमध्ये निवृत्तीतून ओढून आणलेल्या जेफ्रीजलाही त्यानं पुरतं नमवलं. अडचण नोंदींची आहे. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्यानं गुणांवर निकाल द्यायलाच बंदी होती. नॉकआउट झाला नाही तर अधिकृत विजेता कोणीच नाही. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे बातमीदार आपापल्या मतानं विजेता लिहायचे, आणि दोन वर्तमानपत्रांत दोन विजेते सापडायचे. १९२०मध्ये न्यूयॉर्कमध्ये वॉकर कायदा आला, बॉक्सिंग तिथं राजरोस सुरू झालं आणि पंचांच्या निकालाची घडी बसत गेली. म्हणून सुरुवात तिथून. बातमीदारांचे निकाल वीसच्या दशकातही थोडेफार आहेतच, पण मोठ्या लढतींचा हिशेब लागतो.

जो गान्स, सॅम लँगफोर्ड आणि जॉन्सन ही तीन नावं त्याआधीच्या काळासाठी लक्षात ठेवा. लँगफोर्डबद्दल प्रश्न १८मध्ये आहे.

७. हॅरी ग्रेबच्या लढतीचं एकही चित्रण नाही म्हणे. न पाहिलेल्या माणसाला पहिला नंबर?

खरं आहे. सराव करताना, व्यायाम करताना ग्रेब पडद्यावर दिसतो. त्याच्या लढतीचा मात्र एकही तुकडा उरलेला नाही. पण त्यानं हरवलेल्या लोकांची चित्रणं आहेत, आणि ती पाहिली की ग्रेब काय चीज असेल ते कळतं. जीन टनीनं जॅक डेम्प्सीला दोनदा हरवलं. त्या टनीला साऱ्या कारकिर्दीत एकच पराभव चाखायला लागला, २३ मे १९२२ला, ग्रेबच्या हातून. ग्रेब मुळात मिडलवेट, म्हणजे ७२-७३ किलोचा. टनी वरच्या गटातला. त्या रात्री टनीचं नाक मोडलं आणि पंधराही फेऱ्या तो रक्तानं माखून लढला. पुढे दोघं आणखी चार वेळा भिडले आणि एकंदर हिशेबात टनी पुढे राहिला, हेही सांगायला हवं. पण ग्रेबच्या खात्यात टॉमी गिबन्स आहे, टॉमी लॉफ्रन आहे, १९२५मध्ये हरवलेला मिकी वॉकर आहे. यातला बराचसा काळ त्याचा एक डोळा निकामी होता. कारकिर्दीत तो जवळपास ३०० वेळा लढला. एकट्या १९१९मध्ये ४५ वेळा. १९२६मध्ये शस्त्रक्रियेनंतर तो गेला, वयाच्या ३२व्या वर्षी.

दुसरा बेनी लिओनार्ड, तिसरा टनी. डेम्प्सी पहिल्या तिघांत नाही, कारण सप्टेंबर १९२३ ते सप्टेंबर १९२६ अशी तीन वर्षं त्यानं किताब पणालाच लावला नाही.

८. जो लुई असताना तीसच्या दशकात हेन्री आर्मस्ट्राँग पहिला का?

२९ ऑक्टोबर १९३७ला आर्मस्ट्राँगनं फेदरवेट किताब जिंकला. ३१ मे १९३८ला बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेट. १७ ऑगस्ट १९३८ला लू अँबर्सला हरवून लाइटवेट. दहा महिन्यांच्या आत तीन किताब, तेही एकाच वेळी हातात, आणि तेही जगात आठच गट असताना. फेदरवेटची मर्यादा ५७ किलोची आणि वेल्टरची ६६ किलोच्या पुढे. रॉस हा पडेल माणूस नव्हता, तो त्या काळातला सर्वोत्तम वेल्टरवेट होता.

अँबर्सची लढत तर एकदा तरी समजून घ्यावी अशी आहे. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरा फेऱ्या. अँबर्स पाचव्या आणि सहाव्या फेरीत खाली गेला, पण उठला आणि उलटून आला. आर्मस्ट्राँगचं तोंड आतून फाटलं, रक्त रिंगणात सांडायला लागलं. रेफरी बिली कॅव्हानॉनं बजावलं की जमिनीवर असंच रक्त पडत राहिलं तर लढत थांबवीन. थांबवली असती तर किताब गेला असता. आर्मस्ट्राँगनं तोंडातलं रबर काढायला लावलं आणि उरलेल्या फेऱ्या स्वतःचं रक्त गिळत लढला. निकाल विभागून, म्हणजे पंचांचं एकमत न होता, पण त्याच्या बाजूनं. पुढच्या वर्षी अँबर्सनं किताब परत घेतला, त्यात आर्मस्ट्राँगच्या कमरेखालच्या ठोशांचे पाच फेऱ्यांचे गुण कापले गेले होते. मग ऑक्टोबर १९३९मध्ये आर्मस्ट्राँगनं वेल्टरवेट किताब एका महिन्यात पाच वेळा राखला. आजचा जगज्जेता वर्षात दोनदा लढला तरी पुष्कळ.

लुई दुसरा. १९३७पासून किताब, १९३८मध्ये श्मेलिंगचा १२४ सेकंदांत निकाल. पण १९३६मध्ये त्याच श्मेलिंगनं त्याला बाराव्या फेरीत झोपवलं होतं, आणि लुईचं अर्धं साम्राज्य चाळीसच्या दशकात येतं.

९. चाळीस आणि पन्नास, दोन्ही दशकं रॉबिन्सनला? दुसरं कोणी नव्हतंच का?

होते, आणि उत्तम होते. चाळीसमध्ये माझ्या मते दुसरा एझर्ड चार्ल्स. त्यानं आर्ची मूरला तीन वेळा हरवलं. तिसरा विली पेप, जो १९४७च्या विमान अपघातातून वाचून पुन्हा जगज्जेता राहिला. पण चाळीसच्या अख्ख्या दशकात रॉबिन्सन एकदाच हरला, फेब्रुवारी १९४३मध्ये जेक लामोटाकडून. तीन आठवड्यांच्या आत त्यानं लामोटाला परत हरवलं, आणि दोघांच्या सहा लढतींपैकी पाच रॉबिन्सनच्या आहेत. वेल्टरवेटमध्ये त्याच्या आसपास कोणी नव्हतं.

पन्नासचा रॉबिन्सन वेगळा आहे. तो हरतो, आणि पुन्हा येतो. पाच वेळा मिडलवेट किताब जिंकला: लामोटा, टर्पिन, ओल्सन, फुलमर, बसिलिओ अशा पाच जणांना हरवून. १ मे १९५७ला शिकागोत त्यानं जीन फुलमरला पाचव्या फेरीत मागे सरता सरता जो डावा हुक मारला, तो वाचण्यापेक्षा बघावा. तोवर फुलमरला कोणीही नॉकआउट केलं नव्हतं.

याच दशकातला त्याचा एक पराभव मला त्याच्या बऱ्याच विजयांहून मोठा वाटतो. २५ जून १९५२, यँकी स्टेडियम, समोर लाइट हेविवेट जगज्जेता जोई मॅक्सिम. रिंगणात उष्णता ४० अंशांच्या घरात. दहा फेऱ्यांनंतर रेफरीच उकाड्यानं हरला आणि दुसरा रेफरी आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही पंचांच्या गुणांत पुढे होता. तेराव्या फेरीत त्याचा एक ठोसा हवेत गेला आणि त्या झोक्यानं तो स्वतःच कोसळला. चौदाव्यासाठी त्याला स्टुलावरून उठता आलं नाही. माझ्या हिशेबात हा पराभव त्याच्याविरुद्ध जवळजवळ काहीच धरलेला नाही.

१०. मार्सियानो ४९ लढती, ४९ विजय. अपराजित माणूस तिसरा कसा?

पन्नासमध्ये रॉबिन्सन पहिला, आर्ची मूर दुसरा, मार्सियानो तिसरा. या शून्याचं लोकांना फार अप्रूप. पण मार्सियानोनं हरवलेली मोठी नावं बघा: १९५१मध्ये जो लुई, वय ३७, वॉलकॉट, वय ३८, १९५५मध्ये मूर, वय चाळिशीच्या आसपास. एझर्ड चार्ल्सच काय तो त्यातल्या त्यात तरुण, तोही आपले उत्तम दिवस मागे टाकून आलेला. यात मार्सियानोचा दोष नाही, समोर जे होते त्यांना त्यानं हरवलं. पण श्रेय मोजताना हे वजा करावंच लागतं. शिवाय त्याचं शून्य किती थोडक्यात वाचलं ते प्रश्न १५मध्ये आहे.

११. साठच्या दशकात अली दुसरा? डोकं ठिकाणावर आहे का?

आहे. एखाद्या एका रात्रीपुरता सर्वोत्तम कोण असं विचाराल तर मी विचारही न करता नोव्हेंबर १९६६मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सची तीन फेऱ्यांत वाट लावणारा अली म्हणेन. पण प्रश्न दशकाचा आहे. अलीनं फेब्रुवारी १९६४मध्ये लिस्टनला हरवलं, मे १९६५ ते मार्च १९६७ या काळात नऊ वेळा किताब राखला, आणि मग सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे किताब आणि परवाना दोन्ही गेले. अन्याय झाला याबद्दल वाद नाही. पण लिस्टन वयानं उतरलेला, पॅटरसन पाठदुखीनं हैराण, आणि उरलेले चांगले असले तरी थोर नव्हेत.

ग्रिफिथ दहाही वर्षं लढत होता. क्युबाच्या लुइस रॉड्रिगेझशी चार वेळा, त्यातल्या तीन जिंकल्या. १९६६मध्ये वरच्या गटात जाऊन डिक टायगरकडून मिडलवेट किताब काढून घेतला. नीनो बेनवेनुतीशी सहा महिन्यांत हरला आणि जिंकला. हे तिघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत आणि तिघांशीही तो ते ऐन जोमात असताना किंवा किताबावर असताना लढला. हेही विसरता येत नाही की २४ मार्च १९६२च्या लढतीनंतर बेनी पारेट शुद्धीवर आलाच नाही आणि दहा दिवसांनी गेला. ग्रिफिथ त्यानंतरही पुढली पंधरा वर्षं लढत राहिला. त्याचे पराभव आहेत, रुबिन कार्टरनं तर त्याला पहिल्याच फेरीत गुंडाळलं. तरी विजयांची यादी अलीच्या साठमधल्या यादीपेक्षा भारी आहे. तिसरा ब्राझीलचा एदेर जोफ्रे.

१२. मग सत्तरमध्ये अली पहिला कसा? तीनदा हरला. रॉबेर्तो दुरान एकदाच हरला.

त्याच कारणानं. सत्तरमधला अली साठमधल्या अलीपेक्षा हळू आहे, जास्त मार खातो, आणि तरीही त्याची यादी पाहा: फ्रेझर दोनदा, नॉर्टन दोनदा, फोरमन, लाइल, शेव्हर्स, क्वॉरी, बॉब फॉस्टर. फोरमन १९७४मध्ये किन्शासाला उतरला तेव्हा ४० लढतींत अपराजित होता आणि फ्रेझर व नॉर्टन या दोघांनाही त्यानं दुसऱ्या फेरीत संपवलं होतं. त्याला अलीनं आठव्या फेरीत आडवं केलं. याच्या तोडीचा विजय त्या दशकात दुसरा नाही.

दुरान लाइटवेटमध्ये राजा होता, एस्तेबान दे हेसूसकडून झालेल्या एकमेव पराभवाची त्यानं दोनदा परतफेड केली. पण दे हेसूस आणि ब्युकॅनन सोडले तर त्या गटात मोठी नावं कमी. दुसरा दुरान, तिसरा कार्लोस मोन्सोन. हे दोघं अदलाबदल करायला मी तयार आहे. पहिला नंबर नाही.

१३. शुगर रे लिओनार्ड ऐंशीच्या दशकात पाच वर्षं घरी बसला होता. अलीला एक न्याय आणि याला दुसरा?

चांगला मुद्दा, आणि सगळ्यात जास्त चिडून विचारलेला. फेब्रुवारी १९८२ ते एप्रिल १९८७ या काळात लिओनार्ड फक्त एकदा लढला. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती. पण प्रश्न १मध्ये सांगितलेला क्रम बघा. आधी कोणाला हरवलं, मग किती काळ होता. अली साठमध्ये गैरहजेरीमुळे मागे पडला नाही, समोरच्या नावांमुळे पडला. लिओनार्डनं ऐंशीच्या दशकात दुरान, हर्न्स आणि हॅगलर, तिघांनाही हरवलं. या चौकडीतल्या बाकी कोणालाही उरलेल्या तिघांना हरवता आलं नाही.

हॅगलर दुसरा, आणि इथं हात जड होतो. सप्टेंबर १९८० ते एप्रिल १९८७, सलग मिडलवेट जगज्जेता. १५ एप्रिल १९८५ला हर्न्सशी झालेली पहिली फेरी ही बॉक्सिंगमधली सर्वोत्तम तीन मिनिटं आहेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. लिओनार्डविरुद्धचा निकाल विभागून गेला होता. तो उलटा लागला असता तर ही यादीही उलटी असती. तिसरा हर्न्स.

१४. माइक टायसन का नाही?

टायसनवर प्रेम करणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा मी त्याला जास्त मानतो. २२ नोव्हेंबर १९८६ला विसाव्या वर्षी किताब, १९८७मध्ये सगळे पट्टे एकत्र, जून १९८८मध्ये अपराजित मायकल स्पिंक्सचा ९१ सेकंदांत फडशा. दशकाच्या सीमारेषेनं त्याच्यावर मेहेरबानी केली: बस्टर डग्लसनं टोकियोत त्याला हरवलं ते ११ फेब्रुवारी १९९०ला, म्हणजे ऐंशीमध्ये त्याची पाटी कोरी. पण तो व्यावसायिक झाला १९८५मध्ये, आणि हरवलेल्यांत स्पिंक्स व ३८ वर्षांचा लॅरी होम्स वगळता मोठं कोण? मी त्याला पाचवा धरतो, हुलिओ सेझर चावेझच्या मागे.

१५. पूर्वी जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या असायच्या, आता १२च्या. तुलनेत फरक पडत नाही?

फार पडतो. नोव्हेंबर १९८२मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू दगावला, आणि त्यानंतर आधी डब्ल्यूबीसीनं आणि हळूहळू इतरांनी फेऱ्या बारावर आणल्या.

दोन लढती पाहा. १६ सप्टेंबर १९८१ला लिओनार्डनं हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवलं. त्याआधी तिन्ही पंचांकडे हर्न्स पुढे होता, आणि लिओनार्डचा डावा डोळा सुजून मिटायला आला होता. २३ सप्टेंबर १९५२ला मार्सियानोनं वॉलकॉटला तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशानं संपवलं. तिथंही बारा फेऱ्यांनंतर वॉलकॉटच तिन्ही पंचांकडे पुढे होता. आजचे नियम असते तर लिओनार्ड हरला असता, आणि मार्सियानोचं ते प्रसिद्ध शून्य नसतं. अर्थात बारा फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर चौघंही वेगळे लढले असते. म्हणून मी जुन्या निकालांना हात लावत नाही, फक्त शेवटच्या तीन फेऱ्यांत लढत फिरवणाऱ्याला थोडं जास्त मानतो. ती कसोटी आताच्यांना द्यावीच लागत नाही.

१६. निकालच उघडउघड चुकीचा असेल तर तुम्ही कोणाला विजेता धरता?

अधिकृत निकाल नोंदीत ठेवतो, श्रेय मात्र पाहिलेल्या लढतीवरून देतो. ठळक उदाहरण १० सप्टेंबर १९९३चं, सॅन अँटोनिओतलं. पर्नेल व्हिटेकरनं चावेझला इतकं चकवलं की चावेझचे ठोसे हवेतच विरत होते. दोन पंचांनी ११५-११५ दिलं आणि लढत बरोबरीत सुटली. माझ्या खात्यात हा व्हिटेकरचा विजय आहे.

तरीही नव्वदमध्ये व्हिटेकर दुसरा आणि रॉय जोन्स पहिला, कारण जोन्सनं १९९३मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सला आणि १९९४मध्ये अपराजित जेम्स टोनीला फारसा घाम न गाळता हरवलं. तिसरा होलिफिल्ड. चुकीच्या निकालांचं जोन्सइतकं कडू औषध कोणी चाखलं नसेल: १९८८च्या सोल ऑलिंपिक अंतिम लढतीत त्यानं यजमान देशाच्या बॉक्सरला साफ हरवूनही सुवर्ण त्याला मिळालं नाही. ते हौशी बॉक्सिंग, त्यामुळे इथल्या हिशेबात नाही. प्रश्न १९ पाहा.

१७. पॅकियाओ आणि मेवेदर: दोघांना एकेक दशक असं वाटून का दिलं?

कारण ती दशकं खरोखर त्यांचीच होती. २००१मध्ये पॅकियाओ ५५ किलोच्या गटात होता. डिसेंबर २००८मध्ये त्यानं ६६ किलोच्या गटात ऑस्कर डे ला होयाला स्टुलावरून उठू दिलं नाही. मधे बरेरा, मोरालेस, मार्केझ हे मेक्सिकोचे तीन दिग्गज, नंतर हॅटन दोन फेऱ्यांत, कोट्टो बाराव्या फेरीत. आर्मस्ट्राँगनंतर वजनगटांतून अशी मुसंडी कोणी मारली नाही. २०१२मध्ये मार्केझनं त्याला तोंडावर पाडलं ते पुढच्या दशकात.

मेवेदरच्या २०१०मधल्या खात्यात मोस्ली, कोट्टो, तरुण कानेलो आणि स्वतः पॅकियाओ आहे. ती २ मे २०१५ची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी चहाच्या वेळी लागली होती आणि चहा गार होईपर्यंत काहीच घडलं नाही, अशी तक्रार अजून ऐकू येते. कंटाळवाणी होती, मान्य. पण एकतर्फीही होती. दुसरा आंद्रे वॉर्ड, तिसरा कानेलो. मॅकग्रेगरविरुद्धचा पन्नासावा विजय मी शून्य धरला आहे.

१८. ज्यांना वर्णभेदामुळे संधीच मिळाली नाही त्यांचं काय?

किताब हा निकष नसल्याचा फायदा इथं होतो. लँगफोर्डला हेविवेट किताबासाठी कधी लढू दिलं नाही. जॉन्सन स्वतः कृष्णवर्णीय असूनही जगज्जेता झाल्यावर त्याच्यापासून लांब राहिला. वीसच्या दशकात हॅरी विल्स वर्षानुवर्षं डेम्प्सीची वाट बघत बसला. चाळीसमध्ये चार्ली बर्लीनं १९४४मध्ये आर्ची मूरला अनेकदा खाली पाडून हरवलं, तरी किताबाची एकही लढत त्याच्या नशिबी आली नाही. बर्ली माझ्या चाळीसच्या यादीत पाचवा आहे. न झालेल्या लढतींचे गुण मी कोणाला देऊ शकत नाही; टाळणाऱ्याचे कापू शकतो, आणि डेम्प्सीचे कापले आहेत.

१९. मेरी कोम, विजेंदर सिंह यांची नावं का नाहीत?

ही यादी व्यावसायिक बॉक्सिंगची आहे. मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णपदकं आणि २०१२चं ऑलिंपिक कांस्य ही हौशी बॉक्सिंगमधली कमाई. विजेंदरचं २००८चं बीजिंग कांस्यही. तिथं फेऱ्या तीन-चार, गुणपद्धत वेगळी आणि लढती स्पर्धेच्या सोडतीवरून ठरतात. याच नियमानं क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सनही बाहेर आहे, ज्यानं सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आणि व्यावसायिक व्हायला ठाम नकार दिला. विजेंदर २०१५मध्ये व्यावसायिक झाला आणि आशिया-पॅसिफिक किताबही जिंकला, पण जागतिक यादीसाठी तेवढं पुरत नाही.

महिलांची यादी वेगळी करायची आहे. केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांच्यापासून सुरुवात होईल, क्लॅरेसा शील्ड्सवरून भांडण होईल.

२०. अली भारतात येऊन लढला होता. ती लढत धरता का?

नाही. जानेवारी १९८०मध्ये दिल्लीत तो कौर सिंह यांच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळला. प्रदर्शनी लढतींचा निकाल कोणाच्याच नोंदीत जात नाही. आठवण म्हणून मात्र अनमोल.

२१. चालू दशकाचं काय?

दशक संपेपर्यंत नंबर नाहीत. उसिक, इनोउए आणि क्रॉफर्ड या तिघांत शर्यत आहे एवढं कोणीही सांगेल. उसिकनं फ्युरीला २०२४मध्ये दोनदा हरवलं आणि जोशुआलाही दोनदा. इनोउए दोन गटांत निर्विवाद जगज्जेता झाला. क्रॉफर्डनं २०२३मध्ये स्पेन्सला नवव्या फेरीत थांबवलं आणि सप्टेंबर २०२५मध्ये वरच्या गटात जाऊन कानेलोला हरवलं. आज पेन हातात दिलं तर मी उसिक लिहीन, उद्याचं माहीत नाही.

२२. एकाच लढतीत दोन गटांचे किताब पणाला असतील तर ते दोन विजय का?

हा प्रश्न ७ नोव्हेंबर १९८८च्या लिओनार्ड विरुद्ध डॉनी लालोंड लढतीवरून येतो. लालोंड लाइट हेविवेट जगज्जेता, ज्याची मर्यादा ७९ किलो. पण करार झाला ७६ किलोवर, म्हणजे त्याखालच्या गटाच्या मर्यादेवर. मग त्या गटाचा रिकामा किताबही सोबत ठेवला. लिओनार्ड चौथ्या फेरीत खाली गेला, नवव्या फेरीत जिंकला, आणि एका रात्रीत दोन किताब घेऊन घरी गेला. पट्टे दोन होते, समोर माणूस एकच होता, आणि तोही लालोंड. एक विजय, तोही मध्यम वजनाचा.